ऑफिस नव्या कॉम्प्युटरवर न्यायच्या आधी खातं कुणाच्या नावावर आहे ते बघा

नवा कॉम्प्युटर टेबलावर आला की आडत दुकान असो, शाळा असो की पतसंस्था, पहिला प्रश्न ठरलेला असतो. "जुन्यातलं वर्ड-एक्सेल यात टाकून देता का?" लातूर भागात मी कॉम्प्युटर दुरुस्ती आणि जोडणीचं काम करतो. २०२५ च्या दिवाळीपासून हा प्रश्न फार वाढलाय. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला, आणि त्याच तारखेला ऑफिस, म्हणजे मायक्रोसॉफ्टचा वर्ड-एक्सेलचा संच, त्याच्या २०१६ आणि २०१९ या आवृत्त्यांचाही. साधारण २०१८ च्या आधीच्या बहुतेक मशीनवर विंडोज ११ अधिकृतपणे चढत नाही. म्हणून मंडळी नवीन मशीन घ्यायलेत, आणि मग जुन्यातलं ऑफिस आठवतं.

आधी एक गोष्ट स्पष्ट सांगतो. ऑफिस कॉपी-पेस्ट होत नाही. जुन्या मशीनमधलं फोल्डर पेनड्राइव्हवर घेऊन नव्यात टाकलं तर वर्ड उघडणार नाही, कारण इन्स्टॉल करताना विंडोजच्या रजिस्ट्रीत त्याच्या शेकडो नोंदी होतात आणि लायसनची तपासणी वेगळीच चालते. सॉफ्टवेअर काय, मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून नव्यानं डाउनलोड होतं. एका मशीनवरून दुसरीकडे न्यायचा असतो तो ते वापरायचा हक्क. आणि तो हक्क कुणाच्या नावावर आहे, हे आपल्याकडे फार थोड्या लोकांना माहीत असतं.

हक्काचे प्रकार थोडक्यात सांगतो. लॅपटॉपसोबत कंपनीकडूनच आलेलं ऑफिस त्या मशीनशी बांधलेलं असतं. मशीन गेलं की तेही गेलं. वेगळे पैसे देऊन घेतलेलं, एकदाच किंमत मोजायचं ऑफिस दुसऱ्या कॉम्प्युटरवर नेता येतं, पण जुन्यातून काढून, आणि साधारण ९० दिवसांतून एकदाच. ही सवलतसुद्धा भांडून मिळालेली आहे. २०१३ ची आवृत्ती आली तेव्हा विकत घेतलेलं ऑफिससुद्धा एकाच मशीनला कायमचं जोडलेलं असेल असा नियम होता. ग्राहकांनी ओरड केली आणि त्याच वर्षी मार्चमध्ये कंपनीला नियम बदलावा लागला. तिसरा प्रकार मायक्रोसॉफ्ट ३६५, म्हणजे वर्षाची वर्गणी. घरगुती वर्गणीत एक माणूस एकाच वेळी पाच उपकरणांवर साइन इन राहू शकतो, त्यामुळे मशीन बदलायला काहीच अडचण नाही. नव्यावर साइन इन करा, जुन्यावरून साइन आउट करा.

आता खरा मुद्दा. २०१३ पासून विकत घेतलेल्या ऑफिसची प्रॉडक्ट की, म्हणजे खरेदीसोबत मिळणारा पंचवीस अक्षरांचा कोड, एका ईमेल खात्याशी जोडली जाते. एकदा जोडली की ती दुसऱ्या खात्यावर नेता येत नाही. आणि आपल्या मराठवाड्यातल्या शाळा, पतसंस्था, दवाखाने, आडत दुकानं यांच्या ऑफिसचं खातं असतं कुणाचं? ऑपरेटर पोराचं. नाहीतर कॉम्प्युटर विकणाऱ्या दुकानदाराचं. नाहीतर ज्यानं त्या दिवशी "द्या, मी करून देतो" म्हणून पुढाकार घेतला त्या कुणाचंही. पैसे संस्थेचे, बिल संस्थेच्या नावावर, आणि खातं चार वर्षांपूर्वी नोकरी सोडून गेलेल्या पोराच्या जीमेलवर. घर आपल्या पैशानं बांधायचं आणि सातबारा गवंड्याच्या नावावर ठेवायचा, असा हा कारभार आहे.

निलंगा तालुक्यातल्या एका शाळेत हे डोळ्यांनी बघितलं. जुन्या कॉम्प्युटरचा मदरबोर्ड जळाला, नवीन मशीन आलं. ऑफिस रीतसर विकत घेतलेलं होतं, बिल फाईलला लावलेलं होतं. मी साइन इनला बसलो तर ईमेल जुन्या ऑपरेटरचा, आणि ओटीपी जाणार त्याच्या मोबाईलवर. पोरगं चाकणला कंपनीत लागलेलं. क्लार्क मॅडमनी फोन लावला, उचलला नाही. दाराशी एक बाप आणि त्याचं लेकरू बोनाफाईडसाठी उभं. इकडं वर्ड उघडत होतं, जुनी फाईल दिसत होती, वर लायसन नसल्याची पट्टी आली होती, पण नावाच्या जागी कर्सर ठेवून टाइप केलं तर एक अक्षर उमटत नव्हतं. दुपारनंतर त्या पोराचा फोन आला. "मॅडम, शिफ्टला होतो, आत मोबाईल नेऊ देत नाहीत, लॉकरला ठेवावा लागतो." त्यानं बिचाऱ्यानं लगेच मदत केली. पण ओटीपी थोड्याच वेळात सांगायचा असतो, आणि तो रेंजसाठी गेटच्या बाहेर जाईपर्यंत पहिला कोड बाद झाला. तोवर मॅडमनी बोनाफाईड हातानं लिहून दिलं होतं.

त्या पोराची यात काही चूक नाही, हे मला मुद्दाम सांगायचंय. त्याला कुणी सांगितलंच नाही की शाळेच्या नावानं ईमेल काढ. त्यानं पगारापेक्षा जास्त काम केलं, स्वतःचा नंबर दिला, स्वतःचा ईमेल दिला. आपल्याकडची हुशार पोरं दोन-तीन वर्षं गावात काम करतात आणि पुण्याला जातात, हे काही आज नवीन नाही. नांदेड, परभणी, बीड, हिंगोली, कुठंही विचारा. मग ज्याच्या जाण्याची खात्री आहे, त्याच्याच मोबाईलवर संस्थेच्या चाव्या ठेवायच्या का? जबाबदारी मुख्याध्यापकांची आहे, सचिवांची आहे, मालकाची आहे.

हिशेबाच्या टॅली सॉफ्टवेअरचंही असंच. आडतीवर मुनीम बदलतो, कॉम्प्युटर बदलतो, आणि मग कळतं की टॅलीच्या लायसनला जोडलेला ईमेल तिसऱ्याच माणसाचा आहे. टॅली नव्या मशीनवर न्यायची तर आधी जुन्यावर लायसन सरेंडर करायचं, मग नव्यावर ॲक्टिव्हेट करायचं, आणि डेटाचं फोल्डर वेगळं उचलून न्यायचं. जुनं मशीन चालू असताना हे चहा येईपर्यंत उरकतं. सोयाबीनच्या हंगामात, बाहेर काट्यावर गाड्या लागलेल्या असताना आणि ईमेलचा पासवर्ड कुणालाच माहीत नसताना, त्याच कामाला दिवस जातो.

मराठी फॉन्टचा त्रास तर आपला खास. जुन्या पत्रांच्या फायली कुठं श्रीलिपीत, कुठं शिवाजी, कुठं किरण फॉन्टमध्ये. या फॉन्टमध्ये मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या जागेवर बसवलेली असतात, म्हणून तो फॉन्ट नसलेल्या नव्या मशीनवर ठरावाची फाईल उघडली की नुसता इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसतो. लोक घाबरतात, फाईल खराब झाली म्हणतात. फाईल ठीक असते. तो फॉन्ट टाकला की मजकूर परत दिसतो. पण काही फॉन्टच्या सॉफ्टवेअरला डोंगल, म्हणजे मशीनला लावायची लायसनची किल्ली, लागायचं, आणि ते डोंगल कुणाच्या कपाटात आहे हा परत तोच प्रश्न. संस्थेचे वीस वर्षांचे ठराव वाचायला दुसऱ्याच्या कपाटाची किल्ली मागावी लागते, याचं मला मनापासून वाईट वाटतं. यापुढचं सगळं युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही मशीनवर वाचता येणाऱ्या मराठी अक्षरांत, करा, आणि जुन्यातलं महत्त्वाचं तेवढं तरी बदलून ठेवा.

"आम्ही पैसेच देत नाही, दुकानदार फुकटात टाकून देतो," असंही बरेच जण सांगतात. ते क्रॅक असतं, म्हणजे लायसन फोडलेली चोरीची प्रत. ते न्यायचा प्रश्नच येत नाही, कारण हक्कच नसतो. शिवाय ते चालवायला अँटिव्हायरस बंद करायला सांगतात, आणि त्याच मशीनवर पगारबिलं आणि सभासदांचे आधार नंबर असतात. पैसे द्यायचे नसतील तर लिबरऑफिस घ्या. ते २०१० पासून आहे, रीतसर मोफत आहे, कितीही मशीनवर टाका, खातं नको, ओटीपी नको. पत्रव्यवहार, नोटिसा, साधे तक्ते यांना ते पुरेसं आहे. फक्त मॅक्रो (आपोआप चालणाऱ्या सूचना) घातलेली पगाराची एक्सेल शीट असेल तर ती आधी त्यात तपासून बघा, तिथं अडतं.

आता माझं म्हणणं. प्रत्येक शाळेत, संस्थेत डेडस्टॉक रजिस्टर असतं. त्यात खुर्ची चढवतात, पंखा चढवतात, कॉम्प्युटर चढवतात. पण काही हजारांचं ऑफिस किंवा टॅली कुठंच चढवत नाहीत, कारण ते हाताला लागत नाही. ते चढवा. कोणतं सॉफ्टवेअर, कोणत्या प्रकारचं लायसन, बिल नंबर, कोणत्या मशीनवर, कोणता ईमेल, कोणता मोबाईल नंबर. पासवर्ड मात्र रजिस्टरात नको, तो बंद पाकिटात कपाटात. आणि चार्ज देताना चार्ज यादीत हे आलंच पाहिजे. मोबाईल नंबर संस्थेचा ठेवा, एक साधं सिम घ्या आणि ते रिचार्ज करत राहा. आधी घेतलेलं ऑफिस 'होम अँड स्टुडंट' प्रकारचं आहे का, तेही बघा. ते घरच्या वापरासाठी असतं, दुकान-दवाखान्यासाठी नाही.

ज्यांचं खातं आधीच दुसऱ्याच्या नावावर आहे त्यांच्यासाठी मार्ग आहे. वर्डमध्ये फाईल मेनूत अकाउंट उघडा, साइन इन असेल तर कोणता ईमेल जोडलाय ते तिथं दिसतं. प्रॉडक्ट की दुसऱ्या खात्यावर जात नाही, पण खात्याचा ईमेल बदलता येतो. जुन्या खात्यात संस्थेचा नवीन ईमेल जोडायचा, तो मुख्य करायचा, संस्थेचा मोबाईल नंबर टाकायचा, आणि मग जुना ईमेल आणि जुना नंबर काढायचा. तो माणूस समोर असेल आणि त्याच्या मोबाईलवर कोड येत असेल तर हे एका बैठकीत होतं. तो नंबर बंद पडला असेल आणि ओळखीची सगळी माहिती नव्यानं भरावी लागली, तर मायक्रोसॉफ्ट ३० दिवस थांबवतं. त्या खात्यात त्या पोराचं स्वतःचं काही असेल, फोटो, मेल, तर ते आधी त्याला काढून घेऊ द्या.

तेव्हा जुनं मशीन चालू आहे तोवरच हे बघून घ्या. आणि तुमचा जुना ऑपरेटर पुण्याहून पोळ्याला, दिवाळीला गावाकडं आला की त्याला मानानं बोलवा, शेजारी खुर्ची टाका आणि त्याच्यासमोर एवढं काम उरकून घ्या.