हीटर तापत नाही म्हणून थर्मोस्टॅट काढू नका

थंडी पडली की कास्तकारांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरायला लागतो. जुन्या गाडीचा हीटर कमी पडत असेल तर थर्मोस्टॅट काढून टाका, एसीचा गॅस भरा, कूलंटवर (रेडिएटरच्या पाण्यात मिसळायच्या द्रवावर) पैसे घालू नका, रेडिएटरसमोर पुठ्ठा लावा, आणि कापसाच्या गाडीसोबत जिनिंगच्या रांगेत रात्र काढायची असेल तर इंजिन चालू ठेवून हीटरवर झोपा. आपल्याकडे हीटर थंड पडण्याचं एक नेहमीचं कारण या पहिल्याच सल्ल्यात दडलेलं आहे.

म्हणे, थर्मोस्टॅट काढला की गरम पाणी मोकळं फिरतं. मोकळं फिरतं हे खरं, पण गरम राहत नाही. इंजिन तापेपर्यंत पाणी मोठ्या रेडिएटरकडे जाऊ द्यायचं नाही, हेच थर्मोस्टॅटचं काम. साधारण 80 ते 90 अंशांच्या दरम्यान तो उघडतो. तोच काढला तर पहाटेच्या गारठ्यात पाणी पहिल्या मिनिटापासून थंड होत राहतं आणि तापमानाचा काटा खालीच लोळतो. हीटरला स्वतःची आग नसते. इंजिनचं तेच पाणी डॅशबोर्डमागच्या छोट्या रेडिएटरमधून जातं आणि ब्लोअर त्यावरून हवा ढकलतो. पाणीच कोमट, तर हवाही कोमट.

ही खोड कुठून लागली तेही दिसतं. मे महिन्यात चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे पारा 45 च्या वर जातो, गाडी उकळते, आणि मिस्त्री आधी थर्मोस्टॅट उपटतो. खरं दुखणं चोंदलेल्या रेडिएटरचं, नाहीतर पंख्याचं किंवा वॉटर पंपाचं असतं. एसी चांगला लागावा म्हणून त्याच उन्हाळ्यात कुणी हीटरचे पाईपही बायपास करून ठेवतो. हिवाळ्यापर्यंत दोन्ही गोष्टी सगळे विसरलेले असतात. वरून, कायम थंड चालणारं इंजिन डिझेल जास्त पितं आणि लवकर झिजतं.

म्हणून काही उपटण्याआधी हात लावून पाहा. गाडी रात्रभर उभी असताना सकाळी सुरू करा आणि रेडिएटरचा वरचा पाईप चाचपा. तो लगेचच हळूहळू कोमट व्हायला लागला, तर थर्मोस्टॅट उघडाच अडकलाय किंवा जागेवरच नाही. इंजिन पूर्ण तापलं की इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यातून आत जाणारे हीटरचे दोन पाईप तपासा. पंखा-पट्ट्यापासून हात लांब ठेवा. दोन्ही चटका देतात, पण हवा थंड? मग दोष गरम-थंड हवा वळवणाऱ्या आतल्या झडपेचा, तिच्या केबलचा किंवा ब्लोअरचा. एक गरम आणि दुसरा गार? छोटा रेडिएटर चोंदलाय, किंवा पाण्याचा कॉक उघडत नाही. आपल्याकडे वर्षातले दहा महिने तो बंदच, जाम होणारच की. काटा नीट वर असूनही दोन्ही कोमट असतील तर पाणी कमी आहे किंवा आत हवा अडकलीय. डॅशबोर्डमागे गुडगुड ऐकू येते ती हीच. गार इंजिनवर पाणी पुरं भरून हवा काढा. तरीही पातळी परत परत उतरत असेल, तर पाणी कुठं जातंय ते आधी शोधा. केबिनमध्ये गोडसर वास आणि काचेवर तेलकट धुकं असेल, तर गळती आतच आहे.

एसीच्या गॅसचा या हीटरशी काडीचा संबंध नाही. गॅस भरून पैसे जातील, ऊब येणार नाही.

कूलंट म्हणे बर्फाच्या देशांसाठी असतं. आपल्याला तर ते दुप्पट लागतं. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं घेतलं तर ते मिश्रण साधारण 107 अंशांना उकळतं, प्रेशर कॅपखाली त्याहून वर. म्हणजे मे महिन्याचीही सोय झाली. शिवाय त्यात गंज थांबवणारी द्रव्यं असतात. अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या खारपाण पट्ट्यातलं बोअरचं पाणी रेडिएटरमध्ये ओतत राहिलात, तर क्षार सगळ्यात आधी हीटरच्या बारीक नळ्यांत बसतात. चोंदलेला छोटा रेडिएटर दोन्ही पाईप काढून उलट्या दिशेनं, कमी दाबाच्या पाण्यानं धुवा. वॉशिंग सेंटरचा पंप त्यात घातला तर जुनी नळी फुटते आणि पाणी पायाशी येतं.

पुठ्ठ्याची युक्ती कडाक्याच्या थंडीत चालते. इथं पहाटे 10 अंश आणि दुपारी 28. सकाळी लावलेला पुठ्ठा दुपारी ट्रॉली ओढताना काढायचा राहिला, की इंजिन उकळून हेड गॅस्केट (इंजिनच्या डोक्याखालचं सील) गेलं.

राहिली जिनिंगची रांग. हा सल्ला नुसता चुकीचा नाही, जीव घेणारा आहे. जुन्या गाडीचा सायलेन्सर कुठंतरी सडलेला असतो, उभ्या गाडीत कार्बन मोनॉक्साईड आत शिरतो, आणि त्याला ना वास ना रंग. झोपलेल्या माणसाला तो कळत नाही. त्यात डिझेल इंजिन नुसतं उभ्यानं चालवलं तर फारसं तापतही नाही, त्यामुळे हीटर उलट गारच होत जातो. रांगेत इंजिन बंद करा, काच बोटभर खाली ठेवा आणि घोंगडी घरून आणा.