‘कुठलंही यीस्ट चालतं’? पांढऱ्या वाइनला नाही चालत

घरी वाइन करणाऱ्यांमध्ये एक सल्ला सतत फिरतो: ‘यीस्टच्या वाणावर डोकं खपवू नका. जात एकच, ब्रेडचंसुद्धा चालतं. चव द्राक्षातून येते. फारच वाटलं तर ईसी-१११८ (वाइनसाठीच्या यीस्टचा एक वाण) टाका, ते सगळ्याला पुरतं.’ यात थोडं खरं आहे, म्हणूनच तो टिकून आहे.

जात एकच, हे खरं. ब्रेडचं आणि वाइनचं, दोन्ही यीस्ट सॅकरोमायसिस सेरेव्हिसीच. पण ब्रेडचं यीस्ट निवडलं गेलं ते पिठात भराभर वायू करण्यासाठी. २२ ब्रिक्सच्या (म्हणजे साधारण २२ टक्के साखरेच्या) रसातून साधारण १२.५ टक्के अल्कोहोल होतं; तिथवर ते पोचेलच याचा भरवसा नाही. मध्येच अडकलं तर उरलेली साखर जिवाणूंच्या हाती लागते. शिवाय त्याचा गाळ सैल बसतो आणि वाइन वरून काढताना सगळा ढवळून येतो.

‘चव द्राक्षातून येते’ हा सगळ्यात चुकीचा भाग. मस्कत जातीच्या वाइनचा सुगंध बराचसा द्राक्षाचा, मान्य. पण सॉव्हिन्यों ब्लां या द्राक्षाच्या वाइनचा पॅशनफ्रूटसारखा वास रसात बांधलेल्या, गंधहीन रूपात असतो. तो मोकळा करतं यीस्ट, आणि ही ताकद प्रत्येक वाणात वेगळी. केळ्यासारखा वास देणारं आयसोअमाइल ॲसिटेट तर यीस्टच तयार करतं. ७१बी हा वाण ते भरपूर करतो, वर रसातलं २० ते ४० टक्के मॅलिक आम्ल खाऊन टाकतो. कडक आंबट रसाला हे वरदान; पीएच आधीच ३.५ च्या वर, म्हणजे आंबटपणा कमी, असेल तर वाइन मिळमिळीत होते. ७१बीवरची वाइन गाळावर फार काळ ठेवू नये. डी-४७ या वाणाचं उलट: गाळ अधूनमधून ढवळत ठेवला तर वाइनला छान भरीवपणा येतो, पण त्याला तापमान २० अंशांच्या आत लागतं.

आता ईसी-१११८. १० ते ३० अंशांत चालतं, १८ टक्के अल्कोहोल सोसतं, पोषण कमी मागतं. अडकलेलं किण्वन पुन्हा सुरू करायला उत्तमच. पण त्याचा स्वतःचा सुगंध अगदी बेताचा, आणि ते साखर शिल्लक ठेवत नाही. २६ ब्रिक्सच्या रसातून गोडसर वाइनची अपेक्षा ठेवाल, तर हाती येईल जवळपास १५ टक्क्यांची कोरडी, घशाला झोंबणारी वाइन. पोटॅशियम सॉर्बेट यीस्टची नवी वाढ रोखतं, पण चालू किण्वन त्याने थांबत नाही. वाइन कोरडी होऊन नितळली की सॉर्बेट आणि सल्फाइट दोन्ही एकत्र घालावं, मगच साखर. सल्फाइटशिवाय सॉर्बेट घातलं तर लॅक्टिक जिवाणू त्यातून जिरेनियमच्या पानांसारखा वास तयार करतात, आणि तो जात नाही.

‘वाण बदलून पाहिला, फरक जाणवला नाही’ असंही सांगितलं जातं. अशा वेळी आधी तापमान तपासा. २८ अंशांवर सुगंध वायूबरोबर उडून जातो, मग वाण कुठलाही असो. खोलीचं नव्हे, रसाचं तापमान मोजा. जोरात फसफसताना तो खोलीपेक्षा काही अंश गरम असतो.

दुसरं कारण यीस्ट घालण्याची पद्धत. २० लिटरला ५ ग्रॅम यीस्ट, ५० मिलिलिटर पाण्यात, ३५ ते ४० अंशांवर, १५ ते २० मिनिटं. मग थोडाथोडा रस मिसळत तापमानातला फरक १० अंशांच्या आत आणायचा. डीएपी (डायअमोनियम फॉस्फेट, यीस्टला नायट्रोजन पुरवणारा क्षार) या पाण्यात कधीच घालू नये, कोरडं यीस्ट त्याने दुखावतं. ते रसातच, दोन हप्त्यांत: फसफसणं सुरू झाल्यावर आणि एक तृतीयांश साखर संपताना. २० लिटरला एकूण ५ ग्रॅम डीएपी लिटरमागे सुमारे ५० मिलिग्रॅम नायट्रोजन देतं. कमी पडलं तर कुजक्या अंड्याचा वास येतो. उशिरा घातलं तर वाढलेल्या अल्कोहोलमुळे यीस्टला ते नीट घेता येत नाही.

म्हणून निवडीची सुरुवात थर्मामीटरने करावी. रस २० अंशांच्या खाली ठेवता येत नसेल तर डी-४७ बाद. तिथे क्यूए-२३ किंवा के१-व्ही१११६ घ्या. १६ अंशांवर स्थिर ठेवता येत असेल आणि रस आंबट असेल, तर ७१बी.