भारंगीची भाजी खा, पण पंप सोडू नका

‘भारंगीची भाजी २१ दिवस खा, दमा मुळासकट जातो, पंप कचऱ्यात टाका.’ पाऊस सुरू झाला की हा मेसेज फिरू लागतो. यंदा तो माझ्या मावशीपर्यंत पोचला आणि तिने दम्याचा रोजचा पंप (इनहेलर) बंद केला. रात्रभर उशांना टेकून बसलेली, एका वाक्यात तीनदा थांबून श्वास घेणारी मावशी पाहिल्यावर गप्प बसवत नाही.

मेसेजमध्ये चरकांचं नाव आहे, तर चरकसंहिताच उघडू. चिकित्सास्थानाच्या १७व्या अध्यायात तमकश्वास, म्हणजे ढोबळमानाने आपला दमा, ‘याप्य’ म्हटला आहे. याप्य म्हणजे उपचार चालू आहेत तोवर आटोक्यात राहणारा. नुकताच जडला असेल तरच तो साध्य, म्हणजे पूर्ण बरा होणारा, असंही तिथेच आहे. मावशीचा दमा लग्नाआधीपासूनचा. चरकांच्या नावावर तिला उपचार सोडायला सांगणाऱ्याने तो अध्याय वाचलेला नाही, एवढं नक्की.

‘पंपाची सवय लागते, स्टिरॉइडने शरीर पोखरतं.’ मेसेजमधलं सगळ्यात घातक वाक्य हेच. मोठ्या माणसांच्या रोजच्या पंपातून एका दाबाला साधारण २०० मायक्रोग्रॅम ब्युडेसोनाइड हे स्टिरॉइड मिळतं आणि ते थेट श्वासनलिकांत उतरतं. पंप सोडून अटॅक आला की प्रेडनिसोलोन या दुसऱ्या स्टिरॉइडच्या गोळ्या द्याव्या लागतात, बऱ्याचदा दिवसाला ४० मिलिग्रॅम, म्हणजे ४०,००० मायक्रोग्रॅम, आणि त्या रक्तावाटे अंगभर जातात. औषधं वेगळी आहेत, हिशेब तंतोतंत जुळणार नाही, पण स्टिरॉइडची धास्ती असलेल्याने तर पंप सोडूच नये. धाप परत लागते ती सवयीमुळे नाही, श्वासनलिकांची सूज परत वाढते म्हणून. पंप बंद केल्यावर सुरुवातीचे काही दिवस बरे जातात, कारण आधीच्या औषधाचा परिणाम अजून उरलेला असतो. नेमकं तेव्हाच लोक ‘गुण आला’ म्हणून मेसेज पुढे ढकलतात.

भारंगी श्वास-कासावर, म्हणजे दमा-खोकल्यावर, सांगितलेली आहे, हे मान्य करावंच लागेल. भावप्रकाश या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथातही तिचे ते गुण दिलेत. पण वैद्य वापरतात ते प्रामुख्याने मूळ. आपण करतो ती भाजी कोवळ्या पानांची: चिरायची, उकळायची, कडू पाणी घट्ट पिळून टाकायचं आणि लसूण-कांद्याच्या फोडणीत भिजवलेल्या डाळीबरोबर परतायची. चवीला फार सुरेख लागते. मुळाच्या काढ्याचे गुण तिच्या माथी मारू नका.

‘कंपन्यांनी ही वनस्पती दडपली’? भारंगमूळ काष्ठौषधींच्या दुकानात उघड विकतात.

आणि मेसेजसोबतचा तो फोटो! नारिंगी-पिवळ्या फुलांचे गुच्छ असलेली ती घाणेरी आहे. भारंगीची फुलं निळसर-पांढरी असतात. घाणेरीचा पाला खाऊन गुरांची यकृतं निकामी होतात आणि इथे लोकांना तो फोटो दाखवून रानात धाडलं जातंय. भाजी हवीच असेल तर वर्षानुवर्षं रानभाज्या आणणाऱ्या बाईकडून जुडी घ्या, मोबाइलवरचं चित्र जुळवून झुडपं ओरबाडू नका.