एन्लार्जरची लेन्स भंगारात देऊ नका, राजेहो

आज बाजारात एका बंद पडलेल्या स्टुडिओचं सामान भंगारवाल्याच्या काट्यावर चढलेलं पाहिलं आणि डोकंच फिरलं. ट्रे, ड्रायर आणि अख्खं एन्लार्जर (निगेटिव्हवरून मोठा फोटो कागदावर उतरवायचं यंत्र), लेन्स तशीच लागलेली. लोखंडाच्या भावात! अन् विकणारा तोच माणूस, जो हॉटेलवाल्यांना पाटोडी-झुणक्याचे फोटो काढून देतो आणि "मॅक्रो लेन्स (बारीक वस्तू जवळून मोठी दाखवणारी) परवडत नाही" म्हणतो.

काहून परवडत नाही? काट्यावर काय ठेवलं होतं मग? एन्लार्जरची तीच लेन्स कॅमेऱ्याला लावली की मॅक्रोचं काम करते.

त्या काचेचं कामच होतं सपाट निगेटिव्ह सपाट कागदावर उतरवणं, मधोमध जशी धार तशीच कोपऱ्यात. निकॉनची एल-निक्कॉर असो, श्नायडरची कॉम्पोनॉन-एस असो की रोडेनस्टॉकची रोडागॉन, ५० आणि ८० मिमीच्या बहुतेक लेन्सना ३९ मिमीचे आटे असतात. लेन्स जोडायला तेवढी एक ३९ ची रिंग लागते. या लेन्सला फोकसची रिंग नसते, ते काम बेलोज करतो, म्हणजे कॅमेरा आणि लेन्सच्या मधे बसणारा, लांब-आखूड होणारा घड्यांचा भाता.

जेवणाच्या फोटोंसाठी ८० घ्या, ५० च्या नादी लागू नका. निकॉनचा पीबी-६ बेलोज ४८ ते २०८ मिमी लांबतो. त्यात निकॉन डीएसएलआरच्या आतले, तोंडापासून सेन्सरपर्यंतचे ४६.५ मिमी धरा, म्हणजे ८० ची लेन्स साधारण ०.२ पटीपासून २.२ पटीपर्यंत जाते (पट म्हणजे सेन्सरवरचं चित्र खऱ्या वस्तूच्या किती पट). ५० ची सुरूच होते ०.९ पटीला. एपीएस-सी या लहान आकाराच्या सेन्सरवर १ पट म्हणजे जेमतेम २३-२४ मिमी रुंदीचा तुकडा. भाकरीचा पापुद्रा मावतो, भाकर नाही. शिवाय १ पटीला ८० ची लेन्स पदार्थापासून साधारण १६ सेंमी लांब राहते, ५० ची १०. फ्लॅश घुसवायला जागा तर पाहिजे ना!

१ पटीच्या वर गेलात तर लेन्स उलटी लावा. एन्लार्जरमध्ये तिची मागची बाजू लहान निगेटिव्हकडे असते, पुढची मोठ्या कागदाकडे. इथं पदार्थ लहान आणि चित्र मोठं, म्हणून मागची बाजू पदार्थाकडे हवी. त्यासाठी लेन्सच्या पुढच्या फिल्टर-आट्याला बसेल अशी उलटी रिंग घ्या. १ पटीच्या आत सरळच ठेवा.

अ‍ॅपर्चरवर, म्हणजे लेन्समधल्या उजेडाच्या लहान-मोठ्या होणाऱ्या भोकावर, लोक हमखास फसतात. रिंगवर ८ असलं तरी १ पटीला ते एफ/१६ सारखं वागतं, १६ लावलं तर एफ/३२. मग सगळं नरम पडतं आणि लोक लेन्सला शिव्या देतात. ८ वर थांबा. तिथं धारदार भाग मिळतो अर्धा-पाऊण मिमीचा, म्हणून स्टॅकिंग लागतंच, म्हणजे थोडं थोडं सरकत काढलेल्या फ्रेम जोडून एक धारदार फोटो करणं. १२ मिमी जाडीच्या सांडग्याला ०.४ मिमीच्या टप्प्यानं तीसेक फ्रेम. टप्पा घेताना अख्खा बेलोज खालच्या रेलवर सरकवा. लेन्सकडचा भाग सरकवला तर पट बदलते.

कॅमेऱ्यात लेन्सशिवाय शटर चालण्याची सेटिंग सुरू करा, एक्सपोजर मॅन्युअल, टायमर २ सेकंदांचा. घरच्या बल्बवर स्टॅक करू नका. आपल्याकडं विहिरीवरच्या मोटारी सुरू झाल्या की व्होल्टेज पडतं आणि विसाव्या फ्रेमचा उजेड पहिलीशी जुळत नाही. बॅटरीचा फ्लॅश, मॅन्युअलवर, मधे बटर पेपर. नव्या बनावटीच्या एल-निक्कॉरला अ‍ॅपर्चरचे आकडे उजळायची खिडकी असते, तिथून फ्लॅशचा उजेड आत शिरून चित्र फिकं पडतं. काळी टेप लावा.

बरं, मान्य. पंगतीत, हातात कॅमेरा धरून हे होणार नाही, तिथं ऑटोफोकसची मॅक्रो लेन्सच. सावजीच्या तर्रीवरचं तेलही हलत राहतं, त्याचा स्टॅक जुळत नाही, एकच फ्रेम घ्या. गरम भाजीची वाफ काचेवर बसते, ती निवू द्या.

पण वाळलेल्या, स्थिर जिनसांचं काय? वायगावच्या हळकुंडाचा मोडलेला तोंडाचा भाग, भिवापुरी मिरचीचं बी, संत्र्याच्या फोडीत मागून फ्लॅश देऊन उजळलेल्या रसाच्या पिशव्या. फोडीवरचं पातळ साल अलगद काढायचं, फ्लॅश थोडा बाजूला, नाहीतर मधोमध पांढरा डाग येतो. पाहा एकदा मोठं करून, जीव हरखतो. हे आपल्याच रानातलं, आणि आपल्या हॉटेलांच्या मेनूवर नेटवरून उचललेले भलत्याच मुलखातले फोटो! राग येणार नाही तर काय? आणि जिनं आपले फोटो काढून दिले असते ती लेन्स काट्यावर, पत्र्याच्या डब्यांखाली.

जुना बेलोज मिळाला तर घेण्याआधी अंधाऱ्या खोलीत आत मोबाइलचा टॉर्च लावून घड्यांचे कोपरे तपासा, भोकं तिथंच पडतात. दोन-चार असतील तर काळी कापडी टेप बारीक कापून आतून लावा, घडी मिटली पाहिजे. आणि मळणीच्या दिवसांत अंगणात वापरू नका. लोहाराच्या भात्यासारखा तो हवा ओढतो, सोयाबीनचं कुटार थेट सेन्सरवर.

लेन्समध्ये बुरशीचे धागे दिसले तर सोडून द्या. नुसती धूळ असेल तर बिनधास्त घ्या, चित्रात उतरत नाही. कोणाकडं ८० ची पडून असेल तर खाली लिहा, कॅमेरा कोणता तेही सांगा. रिंग कोणती लागेल ते मी सांगतो.