ठिबक टाकलं की कापूस दुप्पट?

मे महिना आला की शेतीच्या ग्रुपवर तोच मेसेज फिरतो: ‘कपाशीला ठिबक करा. उतारा दुप्पट, खर्च निम्मा. नळी कशीही टाका, चालते. पाणी असेल तर मेमध्येच लागवड करा.’ मी स्वतः ठिबकवर कपाशी घेतो, म्हणूनच हे वाचून गप्प बसवत नाही.

‘उतारा दुप्पट.’ कशाच्या दुप्पट? ऑगस्टमध्ये पावसानं दडी मारली किंवा ऑक्टोबरात बोंडं भरताना ओल संपली, तर ठिबकाची कपाशी शेजारच्या कोरडवाहूपेक्षा उजवी ठरणारच. पाऊस वेळेवर पडला त्या साली फरक आक्रसतो. आणि भारी काळ्या रानात रोज तासन् तास ठिबक सोडलं तर वाफसा, म्हणजे मुळांना हवाही मिळेल अशी बेताची ओल, राहत नाही. झाड नुसतं माजतं, पातेगळ होते, म्हणजे कळ्या गळून पडतात. पाण्याच्या मोठ्या ताणानंतर एकदम भरपूर पाणी दिलं तर आकस्मिक मर येऊन उभी झाडं माना टाकतात.

‘नळी कशीही टाका.’ खरी गोम इथंच आहे. एकर म्हणजे 43,560 चौरस फूट. तीन फुटांवरच्या प्रत्येक ओळीला नळी दिली तर 14,520 फूट, म्हणजे सुमारे 4,426 मीटर नळी लागते. तीच झाडं दोन-चार फुटांच्या जोडओळीत लावली की दोन ओळींत एक नळी पुरते: 2,213 मीटर. झाड एकही कमी नाही. काळ्या मातीत ओल आडवी पसरते म्हणून हे जमतं. मुरमाड रानात पाणी सरळ खाली उतरतं, तिथं ड्रिपर (नळीवरची पाणी ठिबकणारी तोंडं) जवळजवळच हवेत.

आता विहीर. या जोडओळीत दर 60 सेंटिमीटरला ताशी 4 लिटरचा ड्रिपर धरा. एकरी सुमारे 3,700 ड्रिपर झाले, तासाला 14,750 लिटर पाणी. पंपातून येतंय 10,000 लिटर. मग दाब बसत नाही, सबमेनजवळची (नळ्यांना पाणी पुरवणाऱ्या पाइपाजवळची) कपाशी हिरवीगार आणि टोकाची पिवळी. साध्या ड्रिपरवर दाब 20 टक्के घटला की पाणी साधारण 10 टक्के घटतं, आणि खतही त्याच पाण्यातून जातं. उपाय साधा: दोन व्हॉल्व्ह करून आलटून पालटून चालवा, नाहीतर 2 लिटरचा ड्रिपर घ्या. चढ-उताराच्या रानाला मात्र दाब नियंत्रित करणारे महाग ड्रिपरच लागतात. रान न बघता, विहीर न विचारता कोटेशन देणाऱ्याला चहा पाजून परत पाठवावं!

‘खर्च निम्मा.’ रात्रीचं दारं धरणं (पाटाचं पाणी वळवत बसणं) सुटतं, मजुरी वाचते, खरं आहे. पण वेचणी किलोवर असते. कापूस वाढला की तीही वाढते. ठिबकातून सोडायची विद्राव्य (पाण्यात विरघळणारी) खतं महाग. फिल्टर धुणं, क्षारांसाठी आम्ल सोडणं, खारी-उंदरांनी कुरतडलेल्या नळ्या जोडणं हे मेसेजमध्ये कुठं आहे? अनुदानही शासनानं ठरवलेल्या मापदंडावर मिळतं, तुमच्या बिलावर नाही.

‘मेमध्येच लागवड.’ हा सल्ला सगळ्यात घातक. लवकर आलेली फुलं म्हणजे गुलाबी बोंडअळीच्या पहिल्या पिढीला आयतं ताट. म्हणूनच जूनच्या आधी लागवड करू नका, असं कृषी विभाग सांगतो. हाताशी पाणी आहे म्हणून फरदड ठेवणारे, म्हणजे हंगाम संपल्यावरही तीच कपाशी पाणी देऊन चालू ठेवणारे, अळीला असंच ताट वाढतात, फक्त हंगामाच्या दुसऱ्या टोकाला. डिसेंबरात कपाशी उपटा, पऱ्हाट्या (कपाशीची वाळलेली झाडं) बांधावर रचून ठेवू नका, आणि उरलेलं पाणी हरभऱ्याला द्या.