खराडीच्या ताईंना उत्तर: क्लच, सीव्हीटी आणि डावा गुडघा

ताई,

तुमची प्रतिक्रिया रविवारी वाचली, उत्तर द्यायला गुरुवार उजाडला. रागावलो होतो असं समजू नका. जुनी बिलं शोधत होतो.

बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. मागच्या लेखात मी लिहिलं होतं की ऑटोमॅटिकचा गिअरबॉक्स गेला की दीड-दोन लाखांचा खड्डा, त्यापेक्षा मॅन्युअल कधीही परवडते. त्यावर ताईंनी मला चांगलं धुतलं. त्यांचं म्हणणं असं की मी ऑटोमॅटिकचे चार जातींचे गिअरबॉक्स (एएमटी, टॉर्क कन्व्हर्टर, ड्युअल क्लच, सीव्हीटी) एकाच दावणीला बांधले, मॅन्युअलचा क्लच अमर असल्यासारखा हिशोब केला, आणि खराडी ते हिंजवडी रोज क्लच दाबणाऱ्या गुडघ्याचा खर्च कुठेच धरला नाही. वर, "लेखाला गॅरेजमधल्या चहाचा वास येतो." येणारच. लेख तिथल्याच बाकड्यावर बसून लिहिला होता.

पहिला आक्षेप बिनशर्त मान्य. २०१४ मध्ये मारुतीची सेलेरिओ आली आणि स्वस्त गाड्यांत एएमटी, म्हणजे ऑटोमेटेड मॅन्युअल, रुळली. तिच्यातला गिअरबॉक्स मुळात मॅन्युअलचाच. तीच क्लच प्लेट, म्हणजे इंजिन आणि गिअर जोडणारी-सोडणारी चकती, आणि तेच गिअर. फक्त क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम तेलाच्या दाबावर चालणारे अ‍ॅक्च्युएटर करतात. अशा बऱ्याच गाड्यांत ड्रायव्हरचं दार उघडलं की कुठूनतरी घुर्र असा आवाज येतो. तो पंप असतो, तुम्ही बसायच्या आत दाब भरून ठेवतो. अशा गाडीला मी दोन लाखांची भीती घातली, ती सपशेल चूक.

पण एएमटीवाल्यांनी लगेच खूश होऊ नये. उड्डाणपुलाच्या चढावर ब्रेक न दाबता अ‍ॅक्सिलरेटरवरच गाडी तोलून धरणारे रोज दिसतात. आत हाफ क्लच, म्हणजे अर्धवट लागलेली प्लेट घासणं, चालूच असतं, फक्त पायाला कळत नाही. आमच्या शेजाऱ्यांची प्लेट अशीच पन्नास हजार किलोमीटरला संपली. प्लेट इथल्या मिस्त्रीने बदलली, पण नव्या प्लेटची ओळख कॉम्प्युटरला करून द्यायला लागणारा स्कॅनर त्याच्याकडे नव्हता. त्या अर्ध्या तासाच्या कामासाठी गाडी कोल्हापूरला न्यावी लागली.

टॉर्क कन्व्हर्टरबद्दल माझी काहीच तक्रार नाही, आणि मागच्या लेखात त्याचं नावही घेतलं नाही हा अन्यायच झाला. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये तिथे क्लचऐवजी तेल असतं. सिग्नलला रांगत जाताना तापतं ते तेल, आणि तेलाला गार करायला कूलर असतो. तेल वेळच्या वेळी बदललं तर हा प्रकार गाडीबरोबरच म्हातारा होतो.

कोरड्या ड्युअल क्लचचं उलट. दोन क्लच, दोन्ही कोरडे म्हणजे गार करायला तेल नाही, आणि आपलं ट्रॅफिक इंचाइंचाने सरकणारं. अशा ट्रॅफिकमध्ये हा गिअरबॉक्स कुरकुरतो, ही माझी गॅरेजी शंका नाही. २०१३ मध्ये फोक्सवॅगनने सात गिअरच्या डीएसजीच्या (त्यांच्या ड्युअल क्लच गिअरबॉक्सचं नाव) जगभरातल्या जवळपास १६ लाख गाड्या परत बोलावल्या, गिअरांसाठी असलेलं सिंथेटिक तेल काढून मिनरल तेल भरायला. उष्ण-दमट हवा आणि सतत थांबत-थांबत चालणं असेल तर त्या तेलामुळे गिअरबॉक्सच्या विजेच्या भागात बिघाड होऊ शकतो, असं कारण होतं. उष्ण, दमट, थांबत-थांबत. मुंबईकराला पत्ता सांगायची गरज नाही.

आता सीव्हीटी, म्हणजे ठरावीक गिअर नसलेला ऑटोमॅटिक. माझा सगळा लेख ज्या एका गाडीमुळे कडवट झाला ती गाडी सीव्हीटी होती, हे मी तेव्हा सांगितलं नाही. सांगायला हवं होतं.

मेव्हण्याने पाच वर्षं जुनी सेडान घेतली होती, ८५ हजार चाललेली. चिपळूणहून कराडला येताना पोफळी सोडून कुंभार्ली घाट चढायला लागलो आणि तिसऱ्या-चौथ्या वळणानंतर इंजिन ओरडायला लागलं, पण गाडी काही पुढे रेटेना. आरपीएमचा काटा चार हजारांवर आणि वेग पंधरा. सीव्हीटीत दोन शंकूच्या आकाराच्या पुली असतात आणि त्यांच्या चिमट्यात पोलादी पट्टा. पट्टा पकडून ठेवतो तो तेलाचा दाब. तेल जळून पातळ झालं की पकड सुटते, पट्टा घसरतो आणि पुलीवर ओरखडे उठतात. हे शास्त्र नंतर कळलं. त्या क्षणी फक्त एसी बंद केला आणि देवाचं नाव घेतलं.

पुढची गंमत टोइंगवाल्याची. तो आला तोच दोरी घेऊन. मेव्हणा म्हणाला, न्यूट्रलमध्ये टाकतो, ओढ. मीच आडवा आलो. पुढची चाकं रस्त्यावर फिरत राहिली की गिअरबॉक्सच्या आतलं फिरतं, आणि इंजिन बंद म्हणजे तेलाचा पंप बंद. उरलंसुरलं वाटेतच संपलं असतं. शेवटी कराडहून सपाट पाठीचा ट्रक येईपर्यंत साडेतीन तास घाटात बसलो. कंपनीच्या वर्कशॉपने गिअरबॉक्स उघडलासुद्धा नाही. असेंब्लीच बदलावी लागेल म्हणाले, एक लाख ऐंशी हजार. गाडी घेतली होती सव्वाचार लाखांना.

सर्व्हिसच्या पावत्या नंतर चाळल्या. गिअरबॉक्सचं तेल आधीच्या मालकाने एकदाही बदललं नव्हतं. म्हणजे दोष सीव्हीटीचा किती आणि न बदललेल्या तेलाचा किती? लेख लिहिताना मी सगळं बिल सीव्हीटीच्या नावावर फाडलं. तुम्ही म्हणालात ते बरोबर, हा हिशोब नव्हता, राग होता.

दुसरा आक्षेप क्लचचा. माझ्या हॅचबॅकचा क्लच ७८ हजारांना गेला, त्याचं बिल सापडलं: क्लच सेट ४,६५०, मजुरी २,२००, फ्लायव्हील (प्लेट जिच्यावर दाबली जाते ती इंजिनची जड चकती) लेथवर घासून घेतलं त्याचे ३५०, गिअर ऑइल ७५०. एकूण ७,९५०. गिअरबॉक्स उतरवला तेव्हा मी शेजारीच उभा होतो. प्लेट हातात घेतली तर रिव्हेटची डोकी वर आलेली, फ्लायव्हीलवर तापून निळे डाग, आणि जळक्या वासाने हात दोन दिवस भरलेला. रिलीज बेअरिंग बोटाने फिरवलं तर खरखर वाजत होतं. मिस्त्री प्लेट माझ्यासमोर धरून एवढंच म्हणाला, "साहेब, पाय क्लचवर ठेवून गाडी चालवता." हो, चालवतो. आणि ही झाली पेट्रोल हॅचबॅक. ड्युअल मास, म्हणजे दोन भागांच्या, फ्लायव्हीलच्या डिझेलमध्ये फ्लायव्हीलही बदलायला निघालं तर हाच आकडा काही पटींनी वाढतो.

तर तुमच्या पद्धतीने मांडू. दीड लाख किलोमीटरमध्ये शहरातल्या मॅन्युअलला दोन, फार तर तीन क्लच, म्हणजे सोळा ते चोवीस हजार. सीव्हीटीला दर चाळीस हजाराला तेल बदललं, एका वेळचे सहा हजार धरले, तर तीन वेळचे अठरा. बरोबरी झाली की! हे गणित आधी केलं असतं तर तो लेख वेगळा झाला असता.

पण एक गोष्ट मी सोडणार नाही. मॅन्युअल बिघडते तेव्हा आठ-दहा हजारांच्या तुकड्यांत बिघडते, आणि तो तुकडा पाटणचा मिस्त्रीसुद्धा दुपारपर्यंत बसवून देतो. सीव्हीटी किंवा ड्युअल क्लच बिघडला तर बिल एकरकमी येतं आणि गाडी शंभर-दीडशे किलोमीटर ट्रकच्या पाठीवरून जाते. तुम्ही खराडीत राहता, तुमच्यापासून वर्कशॉप वीस मिनिटांवर. माझे निम्मे वाचक राहतात तिथे गिअरबॉक्स म्हटलं की पान्हा घेतात, स्कॅनर नाही. माझा लेख त्यांच्यासाठी खरा होता, तुमच्यासाठी नव्हता, आणि मी तो सगळ्यांना एकाच वाटीने वाढला.

गुडघ्यावर माझ्याकडे उत्तर नाही. मागच्या महिन्यात मित्राची ऑटोमॅटिक स्वारगेटपर्यंत चालवली. पहिल्याच सिग्नलला डाव्या पायाने सवयीने क्लच शोधला, सापडला ब्रेक, आणि मागच्या रिक्षावाल्याने माझ्या खानदानाची चौकशी केली. त्यानंतरचा तासभर मात्र डावा पाय नुसता पडून होता. उतरताना बायको म्हणाली, आज कण्हला नाहीस.

शेवटी तुम्ही विचारलंत, २०१८ची एक सीव्हीटी बघून ठेवली आहे, घेऊ की नको? मी नको म्हणेन अशी तुमची खात्री दिसते. तसं म्हणणार नाही. आधी गिअरबॉक्सचं तेल बदलल्याची पावती मागा. "सर्व्हिस सगळी वेळेवर आहे" हे तोंडी चालणार नाही. पावती नसेल तर किंमत सरळ लाखाने पाडून मागा, नाहीतर उठून या. सकाळी जा आणि गाडी आधी सुरू करून ठेवू नका असं मालकाला बजावून सांगा. गार इंजिनवर सुरू करा, अर्धा तास हडपसरच्या गर्दीत फिरवा, आणि गाडी पुरती तापली की बोपदेव घाटाला लावा. चढावर मधेच थांबवून पुन्हा उचला. तिथे गाडी थरथरली, किंवा काटा वर चढला आणि गाडी मागे राहिली, तर मेव्हण्याचा नंबर देतो, त्याच्याशी बोलून घ्या.