लिंबूपाण्याने रक्त अल्कधर्मी होत नाही

‘रोज कोमट लिंबूपाणी प्या, रक्त अल्कलाइन होतं, कॅन्सर जगूच शकत नाही, याच शोधाला १९३१चं नोबेल मिळालं’ हा मेसेज पुन्हा फिरतोय. ते नोबेल जर्मन शास्त्रज्ञ ओटो वॉरबर्ग यांना मिळालं, पण पेशींच्या श्वसनातल्या एन्झाइमवरील कामासाठी. लिंबू त्यात कुठेच नव्हतं!

निरोगी माणसाच्या रक्ताचा पीएच, म्हणजे ते किती आम्ल वा अल्कधर्मी आहे ते सांगणारा आकडा, ७.३५ ते ७.४५ असतो. आम्ल जरा वाढलं की श्वास जोरात चालतो, कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. बाकीचं मूत्रपिंडं लघवीवाटे काढतात. म्हणून आहार बदलला की लघवीचा पीएच बदलतो. पीएच मोजायची रंगीत पट्टी लघवीत बुडवून लोक ‘रक्त सुधारलं’ म्हणतात. पट्टीवर दिसतं ते मूत्रपिंडांनी बाहेर टाकलेलं. रक्त होतं तिथेच आहे.